ऊन सरकायच्या आत

जानेवारी लागला की जयपुरात स्कूटरवाले गळ्याला मफलर गुंडाळायला लागतात. थंडी असतेच, पण ते थंडीसाठी कमी आणि मांज्यासाठी जास्त. कापलेल्या पतंगाचा दोरा कुठून कसा आडवा येईल, सांगता येत नाही. ऑफिसला निघताना मीही ओढणीचे दोन वेढे गळ्याला घेते. मालवीय नगरातल्या आमच्या गल्लीत सकाळी नऊपासून छतं भरलेली असतात. दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी छतावरून "वो काटा" अशी आरोळी उठते आणि एक पतंग सगळ्यांदेखत मोकळा होतो. काही पतंग विजेच्या तारांत अडकतात, काही समोरच्या कडुनिंबात. होळीपर्यंत ते तिथेच असतात. कागद हळूहळू जातो आणि दोन काड्या उरतात.

या दिवसांत मी घरात एका जागी बसू शकत नाही. कणीक मळता मळता गॅलरीत जाते, तिथून परत येते, कपाट उघडते आणि कशासाठी उघडलं ते आठवत नाही. माझा नवरा प्रमोद आता विचारतही नाही. त्याला माहीत आहे की भाजीच्या गाडीवर मटार आला की माझं असं होतं.

तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, माझी माय आमच्या छतावर मटार सोलता सोलता गेली.

ती कारंज्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. तिचे गुडघे दुखायचे, तरी छताच्या बावीस पायऱ्या ती रोज चढायची. मधे दोनदा थांबायची आणि जिन्याला म्हणायची, "थांब, येतो मी." वर बाज टाकलेली असायची. तिच्यावर बसून उन्हाबरोबर ती सरकायची. ऊन पायांवरून गेलं की उठायची, बाज ओढायची, पुन्हा बसायची. दुपारी तीनपर्यंत बाज जिन्याच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलेली असायची. आमची घरमालकीण सरोजजी खालून ओरडायच्या, "माताजी, घड़ी की ज़रूरत नहीं, आपकी खाट देख के टाइम बता दूँ."

मायला हिंदी येत नव्हती, पण तिचं कधी अडलं नाही. भाजीवाल्याशी तिचं रोज भांडण चालायचं आणि दोघांनाही ते आवडायचं.

"भैया, ये मटर में किडे तो नाई ना?"

"माताजी, चौमूं की मटर है. एकदम मीठी."

"मीठी है तं किड्याले बी मीठीच लागंल."

"तो कीड़ा भी तो अच्छी चीज़ पहचानता है, माताजी."

त्यावर ती हसायची आणि पदरात दोन मुठी जास्तीच्या घ्यायची. तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

माय कारंज्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. मी तिथल्याच कोठीघरात, डाळीच्या पोत्यांना टेकून अभ्यास केला. आमच्या घरात शाळा पूर्ण केलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. मी बी.ए. झाले, मग हिंदीत एम.ए. केलं आणि केंद्र सरकारच्या कार्यालयात हिंदी अनुवादक म्हणून लागले. पहिल्या दिवशी मी तिला माझं काम समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे लोकाइनं जे बोललं, तेच पुन्हा दुसऱ्या बोलीत सांगाचं? याचीबी नोकरी असते?" पुढे कारंज्यात ती सगळ्यांना सांगत फिरली की माझी पोरगी सरकारचं बोलणं सरकारलाच समजावून सांगते. तिची व्याख्या माझ्या नियुक्तिपत्रातल्या व्याख्येपेक्षा बरी होती, असं मला अजून वाटतं.

त्या रविवारी मी सी-स्कीम भागातल्या माझ्या ऑफिसचा वार्षिक अहवाल घरी आणला होता. अकरा वाजले असतील. जिन्याच्या वरच्या टोकावरून मायची हाक आली, माझं नाव नेहमीसारखं आखडून, "सुने, वर ये वं. ऊन हाय."

मी म्हणाले, "आलेच माय, पाच मिनिटं."

माझ्यासमोर एक वाक्य होतं. त्याचं हिंदी मी 'शीघ्र कार्रवाई सुनिश्चित की जाए' असं केलं, मग 'शीघ्र' खोडून 'तत्काल' केलं, मग परत 'शीघ्र' केलं. हे मला स्पष्ट आठवतं. त्या दिवसाचं दुसरं काही आठवायला गेलं तर वर वर राहतं, हे मात्र बुडाशी जाऊन बसलं आहे.

पाच मिनिटांचा तास झाला. मग मैत्री, माझी मुलगी, खाली आली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. छताच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरोजजींच्या नातवंडांची मांज्याची चरखी धरून उभी होती. ती म्हणाली, "मम्मा, आजी सो गई. और मटर सब गिर गए."

मी वर गेले. माय भिंतीला टेकून बसलेली होती, मान थोडी उजवीकडे. मांडीवरचं ताट घसरून मटाराचे दाणे छतभर झाले होते. मी आधी काय पाहिलं असेल, तर ऊन. ते टाकीच्या दिशेने पुढे सरकलं होतं. माय सावलीत होती आणि तिने बाज ओढली नव्हती. ऊन अंगावरून गेलं आणि माय हलली नाही, असं कधी होत नसे. तेवढ्यावरून मला कळलं. हात नंतर लावला.

चहूकडून आरोळ्या येत होत्या. वो काटा, वो काटा. त्या छतांवरच्या लोकांना काय माहीत. पण त्या वेळी मला वाटलं की सगळं शहर एका गोष्टीवर खूश झालं आहे.

शेजारचे डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. किती वेळ झाला, हे मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा वेगळं सांगितलं. मला नेमकं एवढंच हवं होतं की हाक मारल्यावर किती वेळाने. ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. मटार किती सोलून झाला होता त्यावरून मी अंदाज बांधायचा प्रयत्न केला, पण दाणे विखुरले होते आणि काही कबुतरांनी खाल्ले होते.

*

आमच्यात तेरावं नसतं, पिंडदान नसतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. त्रिसरण, पंचशील, वंदना, आणि गेलेल्या माणसाविषयी चार शब्द. जयपुरात आमची माणसं थोडी. मिलिटरी स्टेशनात दोन-तीन कुटुंबं, बँकांत बदलून आलेले एक-दोघे. यांत सुभेदार वानखडे काका मोठे. मूळचे अकोल्याकडचे, निवृत्त होऊन इथेच राहिलेले. फौजेतून सुटल्यावर त्यांनी पाली शिकायला घेतली. कुणाकडे काही असलं की वंदना तेच घेतात. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बेटा, मी आहे. तू फक्त कार्ड छापून घे. कारंज्याला पाठवायला लागतील."

मी कागदावर मजकूर लिहून कोपऱ्यावरच्या छापखान्यात दिला. सुरुवातीला नियमाप्रमाणे 'कालकथित' लिहिलं आणि पुढे मायचं नाव. आमच्याकडे कैलासवासी म्हणत नाहीत, स्वर्गीय म्हणत नाहीत. कैलास आणि स्वर्ग दोन्ही मानत नाहीत, तर माणसाला तिथे पाठवणार कसं? म्हणून कालकथित. लहानपणापासून पत्रिकांवर वाचलेला शब्द. कधी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

छापखान्याच्या गुप्ताजींनी चष्मा वर केला. "मैडम, ये 'काल' तो समझ गया. पर 'कथित' तो... मतलब जैसे अख़बार में आता है ना, कथित चोर, कथित डॉक्टर. माताजी के लिए ठीक लगेगा?"

मी हिंदीची अनुवादक. रोज सहा तास शब्दांचा काथ्याकूट करते. त्या दिवशी मला त्यांना एक वाक्य सांगता आलं नाही. मी म्हणाले, "भैया, जो ठीक लगे."

चाळीस कार्डं दुसऱ्या दिवशी आली. गुप्ताजींनी मनापासून छापली होती, कोपऱ्यात फुलं टाकून. वरती ठळक अक्षरांत 'स्वर्गीय'.

जन्मभर स्वर्गाला नाही म्हणणाऱ्या माझ्या मायला मालवीय नगरातल्या एका भल्या माणसाने स्वर्गात बसवलं होतं, आणि ते मी होऊ दिलं होतं.

वानखडे काका संध्याकाळी आले, कार्ड हातात घेऊन वाचलं आणि मंद हसले. मी म्हणाले, "पुन्हा छापू का, काका?"

"तिला चाललं असतं?"

"नसतं."

"मग पेन आण."

आम्ही तिघं जमिनीवर बसलो, काका, मी आणि मैत्री. निळ्या पेनने 'स्वर्गीय' खोडायचं आणि वर 'कालकथित' लिहायचं. मैत्रीचं देवनागरी शाळेतल्या हिंदीचं. ती प्रत्येक अक्षर सजवून काढत होती. दहाव्या कार्डावर तिने विचारलं, "काकाजी, ये कालकथित मतलब?"

काकांनी पेन खाली ठेवला. "मूळ पालीत कालकत. काल म्हणजे वेळ, कत म्हणजे केलेला. काळ केला, म्हणजे मेला. ज्याने आपला काळ केला, तो. आपल्या लोकांच्या तोंडी कतचं कथित झालं. व्याकरणाने चुकीचं आहे. पण आता आपलं आहे."

"मतलब आजीने अपना टाइम पूरा किया?"

"पूरा नाही. केला."

"फिर कहाँ गई?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी कार्डाकडे. मैत्री वाट बघत होती. तिला सरोजजींनी सांगितलेलं होतं की आजी आता कुठे तरी जन्म घेईल. सरोजजींनी मायेनेच सांगितलं. त्या मलाही म्हणाल्या होत्या, "धूप में बैठे-बैठे चली गईं, किसी को तकलीफ़ नहीं दी. पिछले जन्म का पुण्य था." मी मान हलवली होती. रडणाऱ्या बाईचा हात धरून कुणी बोलत असेल तर काय वाद घालणार.

काका मैत्रीला म्हणाले, "तुझ्या मम्माला विचार." आणि त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्याकडे आला.

*

मायने याचं उत्तर फार आधी देऊन ठेवलं होतं. मी दहा-बारा वर्षांची असताना कारंज्याच्या विहारात एक भन्ते आले होते. त्यांनी सांगितलं की आत्मा नाही, त्यामुळे तोच माणूस परत येत नाही. पण एका दिव्यावरून दुसरा दिवा लागतो तसं काहीतरी पुढे जातं. दुसरी ज्योत पहिलीच आहे असंही नाही आणि वेगळी आहे असंही नाही. मला ते फार आवडलं. घरी येताना मी तेच बोलत होते. माय म्हणाली, "हो, पन पहिला दिवा इझला तं तो कुठं गेला?"

"कुठे?"

"इझला. बस."

मग थोडं चालल्यावर म्हणाली, "हे पाय सुने, मी मेली म्हंजे मेली. मले कुठं शोधू नका."

तिचा राग दिव्यावर नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. ती आठ वर्षांची असताना एका मोठ्या घरी अंगण झाडायला जायची. एकदा तिला ताप होता. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने वरून, अंतर ठेवून, भाकरी टाकली आणि कळवळून म्हटलं, "काय केलं असशील गं मागच्या जन्मी." बाई वाईट नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं. माय सांगायची, "मी लय इचार केला. मागच्या जन्मी मी कोनाचं काय केलं असंन? मले काहीच आठवे ना. आठ वर्साची पोर मी, रातभर रडली, का आपुन कोनाले तरी मारलं असंन." पुढे आमच्या लोकांनी धम्म घेतला, घरात दोन तसबिरी लागल्या आणि तिला कुणीतरी सांगितलं की तू काही केलं नव्हतंस. ती म्हणायची, त्या दिवशी माझी पाठ सरळ झाली.

म्हणून पुनर्जन्म ही तिच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हती. ती तिच्या अंगावर टाकलेली भाकरी होती.

आणि मी, तिने शिकवलेली, तिच्या कष्टांवर दोन पदव्या घेतलेली मुलगी, त्या हिवाळ्यात कबुतरांच्या डोळ्यांत बघत फिरत होते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मांज्याने पंख कापलेलं एक कबुतर आमच्या गॅलरीत येऊन पडलं, तर मी ते पक्ष्यांच्या शिबिरात नेऊन देईपर्यंत मांडीवर घेऊन बसले आणि त्याच्याशी वऱ्हाडीत बोलले. समोरच्या घरात बाळ झालं, तर मी दोनदा काहीतरी निमित्त काढून गेले. ऑफिसात अनुवाद करताना एखादा शब्द आपोआप सुचला की वाटायचं, सुचवला का कुणी. मी स्वतःला रागवायचे. मग परत तेच. मन दोरीला बांधलेल्या वासरासारखं खुंटीभोवती फिरत होतं आणि दोरी आखूड होत चालली होती.

मला ती परत हवी होती. पण ती परत आली असं मानायचं, तर ओसरीवरच्या त्या बाईचंही खरं मानायला लागत होतं. एक घेऊन दुसरं टाकता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर मी काकांना जिन्याजवळ गाठलं आणि त्या पाच मिनिटांचं सांगितलं. तोवर प्रमोदलाही सांगितलं नव्हतं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे कर्म म्हणजे चेतना, बेटा. हातून काय झालं त्याआधी मनात काय होतं ते बघायचं. तुझ्या मनात काय होतं?"

"अहवाल होता, काका."

"वाईट काही होतं का?"

"नव्हतं. पण चांगलंही नव्हतं. तिच्याविषयी काहीच नव्हतं."

त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला.  नंतर बूट घालता घालता ते म्हणाले, "मी लडाखला होतो तेव्हा तिकडचे लोक मेलेल्या माणसासाठी एकोणपन्नास दिवस पाठ करायचे. तो कुठे तरी मधेच असतो म्हणे तोवर. ऐकत असतो. आपण ते मानत नाही. पण माझा एक जवान गेला होता, आणि मी एकोणपन्नास दिवस त्याच्या बंकरपाशी उभा राहून रोज दोन शब्द बोललो. का बोललो ते विचारू नको."

मैत्री मागे उभी होती. मला ती दिसली नव्हती.

*

फेब्रुवारी संपत आला. ऊन तापायला लागलं, पतंगांच्या नुसत्या काड्या राहिल्या. एका सकाळी टाकीत पाणी चढलं का बघायला मी वर गेले. माय बसायची तिथे, भिंतीपाशी, आमची मोठी परात ठेवलेली होती. परातीत बाजरीचं पीठ, हाताने सपाट केलेलं. कडेने चार विटा, म्हणजे वाऱ्याने उडू नये.

मला लगेच कळलं. हा प्रकार कारंज्यातही होता, दुसऱ्या आळीत. माणूस गेला त्या जागी पीठ पसरायचं आणि सकाळी बघायचं कुठलं पाऊल उमटलं. पक्ष्याचं दिसलं तर पक्षी, बाळाचं दिसलं तर माणूस. सरोजजींकडे राख पसरतात. त्यांनीच कधी तरी मैत्रीला सांगितलं असणार. मी जिन्यातल्या कॅलेंडरपाशी जाऊन दिवस मोजले. आदल्या दिवशी एकोणपन्नास पूर्ण झाले होते. काकांचे लडाखचे एकोणपन्नास दिवस आणि सरोजजींची राख, दोन्ही एकत्र करून, राख न मिळाल्याने बाजरीचं पीठ घेऊन माझ्या मुलीने कुठल्याच धर्मात नसलेला एक विधी केला होता.

मी परातीपाशी बसले. पीठ सपाट होतं. कबुतराचं बोट नाही, खारीची नखं नाहीत, मुंगीची रेघसुद्धा नाही. मी वाकून, एका बाजूने उन्हाकडे बघत बघत पाहिलं. काही नव्हतं.

आता लिहायला लाज वाटते, पण मी बोट पुढे केलं. तीन छोट्या रेघा, मागे एक. पक्ष्याचं पाऊल काढायला वेळ लागत नाही. मैत्रीला बरं वाटेल, असं मी मनात म्हणत होते. मैत्रीसाठी होतं की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बोट पिठापासून दोन अंगुळांवर होतं.

"कुछ आया?"

मैत्री जिन्याच्या दारात उभी होती. केस विस्कटलेले, उलटा घातलेला स्वेटर.

मी बोट मागे घेतलं. "नाही गं. काहीच नाही."

ती पळत आली, गुडघ्यांवर बसली, तिनेही उन्हाकडे बघत एका बाजूने पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता रडेल, म्हणून हात तयार ठेवला होता.

ती म्हणाली, "देखा. आजी सच्ची थी."

"म्हणजे?"

"सरोज आंटी बोली, निशान आएगा. आजी मला बोलली होती, मी मेली म्हंजे मेली." ते शेवटचं तिने अगदी मायच्या आवाजात म्हटलं. "तो मैंने सोचा, चेक करते हैं. निशान आया असता तो आजी झूठी झाली असती ना."

मी पिठाकडे बघत राहिले. एकोणपन्नास दिवस मी मायला शोधत होते, आणि ही मुलगी तिची बाजू घेऊन उभी होती. माय पुढे काय झाली हे मैत्रीला नको होतं. ती खरी होती का, एवढंच हवं होतं. आणि मी बोटाने तीन रेघा काढून मायला खोटं पाडणार होते.

"मम्मा, रो क्यों रही हो? अच्छा हुआ ना."

"हो," मी म्हणाले. "चांगलंच झालं."

पिठाचं काय करायचं, हा प्रश्न आला. घरात न्यायचं नाही, असं मैत्रीचं मत. सरोजजी दर शनिवारी कॉलनीच्या बागेत मुंग्यांच्या वारुळांवर पीठ घालतात, ते तिने पाहिलेलं होतं. आम्ही परात घेऊन बागेत गेलो. मी पीठ घालत होते आणि मैत्री मुंग्यांना सांगत होती, "आराम से, सबको मिलेगा." वसतिगृहात पंगत बसली की माय मुलींना हेच म्हणायची. "सावकाश वं, सगळ्याइले भेटन." मैत्रीने ते कधी ऐकलं नव्हतं. ती एकदाही कारंज्याच्या त्या स्वयंपाकघरात गेलेली नाही.

मी त्याचा फार अर्थ लावत नाही. मायला आवडलं नसतं. दिवा विझला तो विझला. पण विझायच्या आधी त्याने काय काय लावून ठेवलं, हे शोधायला तिने मनाई केलेली नव्हती, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. कधी हे पटतं, कधी पटत नाही. जानेवारीत तर बिलकुल पटत नाही. जानेवारीत मला दिवे नको असतात, माय हवी असते.

*

आज रविवार आहे. सकाळपासून आरोळ्या चालू आहेत. भाजीवाला येऊन गेला. त्याने न विचारता पिशवीत मटार टाकला आणि वर दोन मुठी जास्तीच्या. तीन वर्षं तो हे करतो. एकदाही माताजींचं नाव काढत नाही.

मी टेबलाशी बसून हे लिहीत होते. तासभर झाला असेल. मैत्री आता बारा वर्षांची आहे, मटाराची पिशवी घेऊन मघाशीच वर गेली. पतंग तिला आता तेवढे आवडत नाहीत, पण छत आवडतं.

जिन्याच्या वरच्या टोकावरून तिची हाक आली, "मम्मा, वर ये ना. धूप आहे."

"आलेच," मी म्हणाले, "पाच..."

तोंडातून निघून गेलेलं होतं. वर्षानुवर्षं ओठांवर बसलेला शब्द, मनात यायच्या आधीच बाहेर येतो. याला काका चेतना म्हणत नसावेत. चेतना त्याच्या पुढे कुठे तरी सुरू होत असावी, शब्द आणि पाय यांच्यामधल्या फटीत.

मी वाक्य अर्धं सोडून उठले. बावीस पायऱ्या आहेत. मधे एकदा थांबले, माझेही गुडघे आता बोलायला लागले आहेत. वर दार उघडंच होतं. मैत्रीने बाज भिंतीपाशी टाकली होती, मांडीवर ताट होतं, आणि ऊन तिच्या पायांवर येऊन थांबलं होतं, आता निघायच्या बेतात.

"इतनी जल्दी?" ती म्हणाली.

"सरक," मी म्हणाले. आणि आम्ही दोघींनी मिळून बाज ओढली.